बुडालेला धर्मप्रांत आणि आमची वाडी

माझ्या पीएच.डी.चा विषय दक्षिण इटलीतला एक धर्मप्रांत हा होता. धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा मुलूख. कलेक्टरचा जिल्हा असतो तसा बिशपचा धर्मप्रांत. हा धर्मप्रांत मध्ययुगात स्थापन झाला, मध्ययुगातच बुडाला, आणि पुढे कित्येक शतकं त्याच्यावाचून जगात कुणाचं काही अडलं नाही. अडलं ते माझं. मी अहमदपूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होतो, आणि नावाआधी डॉक्टर लागल्याशिवाय स्टाफरूममधली पंख्याखालची खुर्ची मिळत नव्हती.

विषय मी निवडला नव्हता. मी गेलो होतो कंधारचा किल्ला मागायला. नांदेडचे माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "कंधारवर आधीच तिघं करून राहिलेत. किल्ल्यात आता जागा न्हाई." मग त्यांनी कपाटातून दोन जाडजूड इंग्रजी खंड काढले. कुठल्याशा परिसंवादात एका फादरनं त्यांना ते भेट दिले होते आणि तेव्हापासून ते कपाटाचं दार नीट लागू देत नव्हते. "हे घ्या. मराठवाड्यात या विषयावर कुणीही काम केलेलं नाही," सर म्हणाले. ते शंभर टक्के खरं होतं. इटलीत तरी कुणी केलं होतं का, हे आम्ही दोघांनीही तपासलं नाही.

मी इटली पाहिली नव्हती. परमुलूख म्हणून एकदा हैदराबाद पाहिलं होतं. पण ते दोन खंड वाचून वाचून त्या डोंगरावरच्या गावाची मला इतकी माहिती झाली की अहमदपूरच्या बसस्टँडपेक्षा मला तिथले रस्ते जास्त ओळखीचे वाटायला लागले. गाव लहान, आजूबाजूला आठ-दहा खेडी. नॉर्मन सरदारांनी तो मुलूख घेतला तेव्हा तिथं बिशप बसवला. का बसवला, याची कारणं ग्रंथात पुष्कळ होती. मला आपलं वाटायचं, शेजारच्या सरदाराकडे बिशप आहे आणि आपल्याकडे नाही, हे तिथल्या सरदाराला सहन झालं नसेल. पहिले दोन बिशप गावात राहिले. पुढचे समुद्रकाठच्या मोठ्या शहरात राहायचे आणि तिथूनच गावाला आशीर्वाद पाठवायचे. काही बिशपांची तर कुठल्या तरी सभेतली एक सही सोडली तर दुसरी कसलीच नोंद नव्हती. त्यांच्यावर मी पानंच्या पानं लिहिली. मग तापाची साथ आली, भूकंप झाला, बिशपच्या मुख्य चर्चचं छप्पर बसलं, आणि वरून पत्र आलं की कारभाराच्या सोयीसाठी हा धर्मप्रांत शेजारच्या धर्मप्रांतात विलीन करण्यात येत आहे.

पण खरी गंमत पुढे आहे. धर्मप्रांत बुडाला तरी त्याचं नाव बुडालं नाही. त्यांच्यात असा नियम की बिशप म्हटला की त्याला कुठला तरी धर्मप्रांत हवाच. मग जे बिशप नुसते कचेरीत बसून कागद बघतात त्यांना असल्या मेलेल्या धर्मप्रांतांची नावं वाटून देतात. तो माणूस त्या गावचा बिशप म्हणवतो. त्या गावाला तो कधी जात नाही आणि गावानं त्याला बोलावलेलं नसतं.

हे सगळं मी एकदा वाडीत गेलो असताना अक्काला सांगितलं. अक्का माझी थोरली बहीण. माय लवकर गेली, तेव्हा मला तिनंच वाढवलं. तिला शाळा मिळाली नाही आणि मला मिळावी म्हणून ती लोकांच्या रानात खुरपायला गेली. ती ज्वारी निवडता निवडता ऐकत होती.

"म्हंजी आपल्या तलाठ्यासारखा," ती म्हणाली. आमचा तलाठी अहमदपुरात राहायचा आणि सज्जाच्या, म्हणजे नेमणुकीच्या, गावात त्याची फक्त पाटी होती. तिचं बरोबर होतं. दोन खंड वाचूनही मला हे सुचलं नव्हतं.

"आन् तिथली मानसं? ती कुठं गेली?"

"ती शेजारच्या बिशपकडे गेली."

"त्यानं आत घेतलं का त्यांस्नी?"

"ते पुस्तकात नाही."

"मग येवढ्या जाड पुस्तकात लिव्हलंय तरी काय?"

मी हसलो. अशिक्षित माणसाला संशोधनाची पद्धत कळत नाही, असं मनात म्हणालो. हे आज लिहितानाही मला माझी लाज वाटते.

आमच्या वाडीबद्दल आता सांगायला हवं. मूळ गाव ओढ्याच्या अलीकडे, आमची वाडी पलीकडे. दीक्षा घेतली त्या साली आमच्या बापानं आणि वाडीतल्या चार घरांनी मिळून वाडीची स्वतःची विहीर खोदली. त्याआधी वाडीच्या बायकांना गावच्या विहिरीवर जावं लागायचं. कठड्याशी जायचं नाही. खाली उभं राहायचं, घागर धरायची, आणि गावातलं कुणी तरी वरून पाणी ओतायचं. ते केव्हा ओतायचं, किती ओतायचं आणि ओतताना काय बोलायचं, हे ओतणारा ठरवायचा. विहिरीला पाणी लागलं त्या दिवसापासून वाडीतली एकही बाई गावच्या विहिरीवर गेली नाही. विहिरीशेजारी पुढे पत्र्याचा एक विहार झाला. लहानपणी तो झाडायचं काम माझ्याकडे होतं.

मी चौथं प्रकरण, म्हणजे विलीनीकरणाचं प्रकरण लिहीत होतो, तेव्हाच इकडे उस्मानाबाद तोडून लातूर जिल्हा झाला. अहमदपूर नव्या जिल्ह्यात आलं. गुलाल उधळला, पेढे वाटले. ज्यांनी जन्मात कलेक्टर कचेरीची पायरी चढली नव्हती तेही नाचले. आता कचेरी जवळ आली, म्हणजे चकरा मारायला सोपं, एवढा हिशेब सगळ्यांना कळत होता. पाट्या आधी रंगवून झाल्या, खुर्च्या मागून आल्या, आणि कागदपत्रं उस्मानाबादहून गाठोड्यांत बांधून येत राहिली.

नव्या कचेरीला तालुक्यातल्या गावांची स्वच्छ यादी हवी होती. जुनं रजिस्टर अर्धं उर्दूत, अर्धं मराठीत आणि उरलेलं खाडाखोडीत होतं. तहसीलमधून आमच्या प्राचार्यांकडे निरोप आला की अक्षर चांगलं असलेला आणि इतिहास जाणणारा माणूस पाठवा. प्राचार्य मला म्हणाले, दोन्ही गुण एका ठिकाणी म्हणजे तुम्हीच. मी चार दिवस ताठ मानेनं तहसीलला गेलो. एक म्हातारे निवृत्त पेशकार उर्दू वाचून दाखवायचे, मी लिहायचो, आणि एक अव्वल कारकून शेजारी बसून शेंगा फोडायचा.

तिसऱ्या दिवशी छापील तक्त्यातल्या ओळी संपत आल्या. कारकून म्हणाला, "सर, वाड्या-तांडे लई झाले. ज्याच्याजवळ आपलं म्हनन्यासारखं काई न्हाई ते मूळ गावात घाला की."

दुसरा कुणी असता तर अंदाजानं चार नावं खोडून मोकळा झाला असता. मी पडलो संशोधक. चौथ्या प्रकरणात मी नुकतंच सिद्ध केलं होतं की ज्या धर्मप्रांताला स्वतःचं मुख्य चर्च उरत नाही तो विलीन होणं अटळ आणि हितकारक असतं. तोच निकष मी अहमदपूर तालुक्याला लावला. देऊळ, मशीद, चावडी किंवा शाळेची इमारत असेल ती वाडी राहील. नसेल ती मूळ गावात जाईल. पेशकारांनी चष्मा काढून माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मध्ययुगीन चर्चच्या नियमानं मराठवाड्यातल्या वाड्या मोडणारा मी पहिलाच असेन.

मग आमच्या वाडीचं नाव आलं. विहार होता. माझ्याच नियमानं वाडी राहत होती. पण माझा हात थांबला. निकष सांगताना मी देऊळ म्हणालो होतो, मशीद म्हणालो होतो, विहार म्हणालो नव्हतो. आता धरावं, तर लोक म्हणतील, बघा, लेखणी हातात आली की आपल्या लोकांना वेगळी ओळ दिली. असं कुणी म्हणालं नव्हतं. म्हणण्याइतकं खोलीत कुणी नव्हतंच. पेशकारांना आमची वाडी कोणाची हे माहीत नव्हतं आणि कारकुनाचं लक्ष शेंगांवर होतं. आमच्या पिढीतल्या शिकलेल्या माणसांना हा एक रोगच होता. आपल्या माणसाच्या बाजूनं बोलायची वेळ आली की आम्ही आधी घसा साफ करायचो आणि मग दुसऱ्याच्या बाजूनं बोलायचो. मी वाडी मूळ गावात घातली. वेगळी ओळ नाही, कंसात नावही नाही. त्या दिवशी परतताना मी किती निःपक्षपाती आहे या विचारानं मला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की वाटेत थांबून मी स्वतःला स्पेशल चहा पाजला.

पुढं पावसानं दगा दिला. एक साल कसंबसं निघालं, दुसऱ्या साली वाडीच्या विहिरीचा तळ दिसायला लागला आणि होळीच्या आत ती कोरडी पडली. सरकारनं टँकर सुरू केले. टँकर यादीप्रमाणे जात होते.

एक दिवस अक्का एस.टी.नं अहमदपूरला आली ती थेट कॉलेजात. स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं, म्हणून ती सरळ पंख्याखालच्या खुर्चीत जाऊन बसली. तिथं काय काय केल्यावर बसायला मिळतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी पाण्याचा तांब्या दिला. तिनं तो सगळा रिकामा केला.

"टँकर गावात येऊन राहिलाय," ती म्हणाली. "गावच्या हिरीत वततो आन् जातो. वाडीला येत न्हाई. यादीत वाडीच न्हाई म्हन्तेत."

मला वाटलं, नव्या कचेरीत कुणीतरी घोळ घातला. खरंच तसं वाटलं. मी लिहिलेली ती सुंदर यादी आणि हा टँकर यांचा संबंध माझ्या डोक्यातच आला नाही. ती यादी माझ्या लेखी एक विद्वत्तेचं काम होतं. तिच्यावरून पाणी सोडतात हे मला कसं कळावं? मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "कुठल्या गाढवानं वाडी गाळली ते मी बघतोच."

अक्का माझ्याकडे बघत राहिली आणि मग पदर सावरून उठली.

मी वाडीत गेलो, लोकांना विहारात जमवलं आणि अर्ज लिहिला. नव्या जिल्ह्याच्या कारभारावर दणदणीत भाषणही केलं. खुर्चीत बसलेल्या माणसाला पाण्याची किंमत काय कळणार, त्याला ओढ्यापलीकडची माणसं माणसं वाटत नाहीत, असं बरंच बोललो. लोक गप्प बसून ऐकत होते. एरवी आमची वाडी गप्प बसणारी नाही. माझ्या भाषणाचा परिणाम झाला, असं मी समजलो. सगळ्यांनी निमूट सह्या केल्या, अंगठे उठवले आणि मला चहा दिला. त्या दिवसांत वाडीत चहाला पाणी कुठून आलं असेल, हे मी विचारलं नाही.

अर्ज घेऊन लातूरला गेलो. कचेरी तेव्हा एका ठिकाणी नव्हती. एक विभाग इथं भाड्याच्या घरात, दुसरा तिथं दुकानावरच्या माडीवर, आणि टंचाईचा विभाग एका गोदामात होता. तिथं अजून मिरचीचा खाट उरलेला होता, त्यामुळे साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी असायचं. दुष्काळी जिल्ह्यात पाणी बघायला मिळालं ते तिथंच. मी तिथल्या कारकुनाला झापलं. गावाचं नाव पुसणं म्हणजे काय असतं हे मी त्याला इटलीपासून समजावून सांगितलं. तो शांत माणूस होता. त्यानं शिंका आवरत सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून यादी काढून माझ्यापुढं ठेवली.

"हे बघा. आम्हाला अहमदपूरकडून आलं तेच आम्ही धरलं. पण अक्षर काय सुरेख आहे, नाही? बाकी तालुक्यांच्या याद्या वाचवत नाहीत. ही साहेब सगळ्यांना दाखवतात."

मी पाहिलं. आमच्या मूळ गावाची ओळ. तिच्या खाली दुसरंच गाव. मध्ये बोटभर जागा सुद्धा नव्हती. अक्षर खरंच सुरेख होतं.

"ओळखता का लिहिणाऱ्याला?" त्यानं विचारलं.

"तोंडओळख आहे," मी म्हणालो.

दुरुस्तीसाठी वाडी अस्तित्वात असल्याचा ग्रामसेवकाचा दाखला, तलाठ्याचा पंचनामा आणि तहसीलची शिफारस लागत होती. ग्रामसेवक पटकन सापडला. तलाठी पाचव्या चकरेला बसस्टँडसमोरच्या हॉटेलात सापडला. त्यानं तिथंच भज्यांची प्लेट बाजूला सरकवून लिहिलं की सदर वाडी समक्ष जाऊन पाहिली. वाडी आधी का गाळली, याचा खुलासाही तहसीलला जोडायचा होता. अव्वल कारकून म्हणाला, "सर, तुम्हीच लिव्हा, तुमाला जमतंय." मी लिहिलं, नजरचुकीने. नजर चुकली नव्हती. नजर अगदी नीट त्याच ओळीवर होती. पण तसा खुलासा सरकारदरबारी कुठल्याच रकान्यात बसत नाही.

या सगळ्याला उन्हाळ्याचा मोठा तुकडा गेला. आदेश निघाला. वाडीला तिची ओळ परत मिळाली आणि पुढच्या सोमवारपासून टँकर मंजूर झाला. आदेशाची प्रत खिशात घालून मी दुपारच्या बसनं निघालो. वाडीत गेलो तर घरं रिकामी. बायका पाण्याला गेल्या आहेत, असं एका म्हाताऱ्यानं सांगितलं. कुठं ते त्यानं सांगितलं नाही आणि मी ओढा ओलांडून गावात गेलो.

गावच्या विहिरीवर दोन रांगा होत्या. एक कठड्यावर, एक खाली. खालच्या रांगेत आमच्या वाडीच्या बायका होत्या. वर गावातला एक माणूस पोहरा घेऊन उभा होता. जुनं कारण आता कुणी बोलून दाखवत नव्हतं. गर्दी होते, झोंबाझोंबी होते, म्हणून गावानं शिस्त लावली आहे, वाडीच्या सोयीसाठी माणूस नेमला आहे, असं मला तिथं दोघातिघांनी अगदी आदरानं सांगितलं. अक्का रांगेत पाचवी होती. ज्या वयात मी विहार झाडत होतो त्या वयात तिनं गावच्या विहिरीवर खाली उभं राहणं सोडलं होतं. आता केस पांढरे झाल्यावर ती पुन्हा तिथंच, तशीच, घागर हातात घेऊन उभी होती. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

मी तिच्या हातातली घागर घेतली आणि रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली तसा वरचा माणूस खाली वाकला. "अरे, सर तुमी? तुमी कशाला खाली? या की वर, घ्या तुमच्या हातानं." तो मनापासून बोलत होता, त्याचा मुलगा आमच्या कॉलेजात होता. माझा एक पाय पायरीवर गेला. गेला, हे लपवत नाही. मग मी मागं पाहिलं. अक्काचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, ती घागरीकडे बघत होती. मी पाय खाली घेतला आणि घागर धरली. त्यानं पाणी ओतलं. निम्मं घागरीत गेलं, निम्मं माझ्या बाहीवर आणि खिशातल्या आदेशावर.

अक्कानं घागर डोक्यावर घेतली आणि आम्ही ओढ्यात उतरलो. मग मी तिला सांगितलं की सोमवारपासून टँकर वाडीत येईल. ती "बरं झालं" म्हणाली.

"अक्का, ती यादी मी लिहिली होती."

"ठाव हाय."

मी थांबलो. ती चालत राहिली, म्हणून मलाही चालावं लागलं.

"तिची छापलेली कापी चावडीवर डकवली होती की," ती म्हणाली. "मला वाचाय येत न्हाई, पर तुजं अक्षर वळखू येतंय. तुजी समदी कार्डं पेटीत ठिवलीत मी. म्या लांबूनच वळखलं. साऱ्या बायांस्नी हाका मारून सांगितलं, माज्या भावानं लिव्हलंय, आता आपल्या वाडीला टँकर पयला. मग ग्रामसेवकाला वाचाय लावलं."

म्हणजे ती स्टाफरूममध्ये आली तेव्हा तिला माहीत होतं. मी विहारात भाषण ठोकलं तेव्हा सगळ्या वाडीला माहीत होतं. अंगठे उठवताना, मला चहा देताना, सगळ्यांना माहीत होतं.

"मग कुणी काही बोललं कसं नाही?"

"काय बोलावं?" तिनं डोक्यावरची घागर सरळ केली. "म्या ग्रामसेवकाला दोनदा वाचाय लावली यादी. मला वाटलं, त्याचीच नजर चुकून राहिली."